अंजनाची खोटी पाने

१ मार्च २०२५, शनिवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. पाने दोनशे चौदा.

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आपल्या घराच्या गच्चीवर, शेडनेटच्या हिरव्या सावलीत उभे राहून तोतारामांनी ही नोंद वहीत केली आणि खात्रीसाठी पाने पुन्हा एकदा मोजली. दुसऱ्यांदाही दोनशे चौदाच भरली. एकाहत्तराव्या वर्षी त्यांच्या हाताला थोडा कंप आला होता, मोजमापाला मात्र नव्हता. ठिबक सिंचनाच्या कारखान्यात, पाइप तपासणी विभागात त्यांनी चौतीस वर्षे काढली होती. पाइपात पाणी कोंडायचे, दाब वाढवत न्यायचा आणि काटा कुठवर गेला ते लिहायचे, हे त्यांचे काम. एकदा साहेबच म्हणाले होते, की सगळे पाइप सारखेच असतात, उरलेल्यांचे आकडे लिहून टाका. तोतारामांनी पेन साहेबांपुढे ठेवले आणि म्हणाले, "तुमच्या अक्षरात लिहा." न घेतलेले रीडिंग त्यांनी जन्मात लिहिले नव्हते.

झाड अंजनाचे होते. उंची एकोणीस इंच, बुंधा मनगटाएवढा, त्यावर म्हाताऱ्या गुडघ्यासारखी एक गाठ आणि तिच्यावर सात फांद्या. पान गाईच्या खुरासारखे, मधोमध दुभंगलेले. ते धुळ्याच्या नवलचे झाड होते.

नवल आणि तोताराम धुळ्याच्या तंत्रनिकेतनात एका बाकावर बसलेले. नवल पुढे एसटीच्या वर्कशॉपात लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. १९९४ साली लळिंगजवळ रस्त्याचे काम चालू असताना बुलडोझरखाली चिरडलेले हे खोड त्याने ओल्या गोणपाटात गुंडाळून घरी आणले. अंजनाचे सोटमूळ पाताळाचा ठाव घेते. ते एकदम तोडले तर झाड लगेच जात नाही, पण पुढे टिकतही नाही. म्हणून नवलने ते दरवर्षी बोटभर, असे नऊ वर्षे कापत आणले आणि मग झाड स्वतः ओतलेल्या सिमेंटच्या उथळ कुंडीत बसवले. आता त्याच्या हृदयाचे बायपास ठरले होते. मुलगी दिपमाला त्याला नाशिकला घेऊन गेली. जाण्यापूर्वी त्याने झाड जीपमधून जळगावला धाडले आणि फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली, "मातीले इचारीसन पानी देजो." दुसरी, "रोज पानं मोजीसन सांगजो."

मातीला विचारून पाणी द्यायचे, ही सूचना तोतारामांना अपुरी वाटली. माती काय उत्तर देणार आणि ते कोणत्या एककात? पाने मोजण्याची सूचना मात्र त्यांना पसंत पडली.

दुसऱ्या दिवशी पाने दोनशे पाच. तिसऱ्या दिवशी एकशे एक्क्याऐंशी. नवलच्या तपासण्या चालू होत्या, म्हणून आकडे दिपमालाच ऐकून घेई आणि वडिलांना सांगे. चौथ्या दिवशी सकाळी पाने एकशे तेहतीस भरली आणि तोताराम वही हातात घेऊन गच्चीवरच बसून राहिले. एका रात्रीत अठ्ठेचाळीस. पाने पिवळी पडून कुंडीभोवती पसरली होती. त्यांनी ती वेचून मोजली. अठ्ठेचाळीसच होती. हिशेब जुळल्याचा आनंद या वेळी झाला नाही.

त्या संध्याकाळी दिपमालाचा फोन आला. आवाज बारीक होता.

"काका, उद्या सकाळी ऑपरेशन आहे. आज किती पानं?"

तोताराम वहीची पाने चाळू लागले.

"कमी झाली का? काका, माझं ऐका. बाबांना झाडाचं काही वाईट सांगू नका. डॉक्टर म्हणतात, मन शांत पाहिजे. त्यांचा अर्धा जीव त्या कुंडीत आहे, तुम्हाला माहीत आहे."

"एकशे ऐंशी सांग," तोताराम म्हणाले.

बोलून झाल्यावर ते घोटभर पाणी प्यायले. मग वहीत पट्टीने एक उभी रेघ मारली. डावीकडे 'मोजलेली' असे लिहिले, उजवीकडे 'सांगितलेली'. खोटे बोलायचे तर निदान विसरता कामा नये.

ऑपरेशन नीट पार पडले. ९ मार्चला सकाळी तोताराम गच्चीवर गेले, तेव्हा डावीकडच्या रकान्यात लिहायला एकच आकडा उरला होता. शून्य. सात फांद्या उघड्या पडल्या होत्या, जणू कुणी झाडाचा एक्स-रे काढून ठेवला होता. आणि नेमक्या त्याच संध्याकाळी नवलचा स्वतःचा पहिला फोन आला. श्वास तुटत होता, पण आवाज त्याचाच.

"तोताराम. पानं किती शेतस?"

तोतारामांनी उजवीकडचा रकाना पाहिला. "एकशे अठ्ठ्याहत्तर."

"एकशे अठ्ठ्याहत्तर," नवल म्हणाला. "बरं."

तेव्हापासून तोतारामांना घरात चैन पडेना. गच्चीला बावीस पायऱ्या. सकाळी सहा चाळीसला एकदा जायचे, ते आता नऊला जाऊ लागले, मग बाराला, मग चारला. जेवताना घास हातात घेऊन वर बघत. कूलरचा पंखा खडखडला तरी वरून काही पडल्यासारखे वाटे. नखाने एका बारक्या काडीची साल खरवडून पाहिली. आत हिरवे दिसले. खाली आले. चौथ्या पायरीवर शंका आली, की हिरवे होते की शेडनेटचा रंग पडला होता? परत वर गेले.

"आता काहून चालले वर?" त्यांच्या पत्नी लताबाईंनी विचारले. त्या अंगणात सुपाने गहू पाखडत होत्या.

"पाहून येतो."

"आताच तर पाहून आले. तेवढ्या वेळात झाडानं काय केलं असेल? चहा?"

तोतारामांना हसू आले नाही. होळी झाली. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्कूटर काढली आणि नशिराबादच्या पुढे एका मुरमाड टेकाडापर्यंत गेले. नोकरीतल्या फिरतीमुळे तिथली अंजनाची तीन मोठी झाडे त्यांच्या लक्षात होती. ती तिन्ही झाडे पार उघडी होती. एक पान नव्हते. तोतारामांना हायसे वाटले. म्हणजे सगळीकडेच गळ चालू होती.

हे समाधान स्कूटर नशिराबादपर्यंत येईतो टिकले. मग त्यांच्या डोक्यातले जुने यंत्र सुरू झाले. त्या झाडांना पानगळ का झाली? पाणी नाही म्हणून. मुरूम कोरडा, झरे आटलेले. खर्च परवडत नाही म्हणून झाडाने पाने टाकली. कुंडीतल्या झाडाला तर रोज पाणी आहे. मग त्याने पाने का टाकावी? एकच कारण संभवते: पाणी कमी पडते आहे. तोताराम रावेरकडच्या केळीच्या बागायतीत वाढलेले. पान मलूल झाले की पाणी वाढवायचे, हे त्यांना बोलायला यायच्या आधी कळत होते. पुढची चौतीस वर्षे त्यांनी थेंबच मोजले. या दोन शिक्षणांची बेरीज केल्यावर उत्तर वेगळे येणेच शक्य नव्हते.

संध्याकाळपर्यंत त्यांनी पाण्याच्या टाकीवरून बारीक नळी ओढली, तिला तासाला प्रत्येकी एक लिटर देणारे दोन ड्रिपर लावले आणि ते बुंध्याच्या दोन्ही बाजूंना, समान अंतरावर बसवले. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. रोज दोन लिटर.

लताबाई वाळवण घ्यायला वर आल्या आणि कमरेवर हात ठेवून पाहत राहिल्या.

"नवलभाऊंचं झालं, आता झाडाला पण सलाईन लावली का?"

"तुला यातलं कळत नाही."

"नाही कळत. पण अहो, पान नाही तर ते पाणी पितं कशानं?"

"मुळानं," तोताराम म्हणाले आणि ड्रिपरची तोटी साफ करू लागले.

आठवडाभर काही झाले नाही. २२ तारखेला त्यांनी वेळ दुप्पट केली. रोज चार लिटर. आकाश रोज पांढरे होत चालले होते, दुपारी गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता, आणि कुंडीतली माती मात्र काळीशार, थंड, ओलीचिंब. तिच्यावर चिलटे घोंघावू लागली. तोतारामांनी वहीत चिलटांची नोंद केली. २५ तारखेला सर्वांत खालच्या फांदीची साल खरवडली, तर आत तपकिरी दिसले. ते त्यांनी डावीकडे लिहिले. उजवीकडे लिहिले, एकशे अडुसष्ट.

कारण फोन रोज येत होता. संध्याकाळी सहाला, प्रार्थनेसारखा. नवल 'किती?' एवढेच विचारी. तोताराम आकडा सांगत. आकडे त्यांनी विचारपूर्वक योजले होते: कधी एक कमी, कधी दोन, कधी तेवढेच. झाड तग धरून आहे एवढे कळावे, आणि पुढे कधी खरे सांगायची वेळ आली तर धक्का बसू नये. पण दरवेळी आकडा ऐकून नवलचा 'बरं' अधिकच आखूड होत गेला. दिपमालाने एकदा सांगितले, की जखम भरते आहे, पण बाबांना झोप नाही, रक्तदाब चढतो, रात्रभर बोटांवर काहीतरी मोजत बसतात.

"मी तर चांगलंच सांगतो आहे," तोताराम म्हणाले.

"हो ना काका. तरी काय होतं कळत नाही."

२७ मार्चला, गुरुवारी, सहाच्या ठोक्याला फोन वाजला.

"किती?"

"एकशे सहासष्ट."

या वेळी 'बरं' आले नाही.

"तोताराम, मी परवा सकाळच्या बसनं जळगावले येस."

"काय?" तोताराम उठून उभे राहिले. "तुझी छाती अजून शिवलेली आहे. सात तास बसमध्ये? बेचाळीस डिग्रीत?"

"तिकीट काढेल शे. दिपमालाले सांगेल नही, तू बी सांगू नको."

"पण कशासाठी?"

नवलचा आवाज चढला नाही. तो तसा चढवणाऱ्यातला नव्हताच. पण आता तो पुस्तकातल्यासारखे शुद्ध बोलू लागला. परीक्षेत तोंडी उत्तर देताना बोलायचा तसा. तोतारामांना त्याचीच भीती वाटली.

"तीस वर्षं झाली. फाल्गुनात माझ्या झाडावर एक पान राहत नाही. गळ सुरू झाली की आठ-दहा दिवसांत शून्य. तू पहिल्या तीन दिवसांचे आकडे दिले, तेव्हा मी ऑपरेशनच्या खोलीत हसत गेलो, की झाड वेळेवर झोपतं आहे. अन मग गळ मधेच थांबली. रोज एक, रोज दोन. ज्या फांदीला पान सोडायची ताकद नसते, तिच्यावर ते वाळून चिकटून राहतं, तोताराम. पान गळायलाही झाड जिवंत लागतं. रोज तू आकडा सांगतो अन रोज मला वाटतं, आज तरी शून्य म्हणेल. मुळात काहीतरी बिघडलं आहे. मला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय झोप येणार नाही."

तोतारामांच्या हातात वही उघडीच होती. उजवीकडचा रकाना किती नेटका दिसत होता. चोवीस दिवस ते एका आजारी माणसाला रोज संध्याकाळी, न चुकता, काळजीपूर्वक योजलेली भीती पाजत आले होते.

"नवल," ते म्हणाले. "शून्य आहे."

"काय?"

"पानं शून्य आहेत. ९ मार्चपासून. मी खोटं सांगत होतो. चार तारखेपासूनचे सगळे आकडे खोटे."

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला आणि तोताराम घाबरले. पण ते हसणे होते. बायपासवाल्यांना हसताना छातीशी उशी दाबून धरावी लागते. नवल उशी धरून हसत होता आणि मध्येच कण्हत होता.

"बठ्ठा गयात? नऊ तारीखलेच?"

"बठ्ठा. सगळी."

"अरे गाढव," नवल मोठ्या प्रेमाने म्हणाला. "दिपमाला, तिकीट रद्द कर. हो, काढेल व्हतं, नंतर बोल मले." मग पुन्हा फोनवर आला. "आता सुखानं झोपस. बरं, पानी कितलं देस?"

तोतारामांनी डोळे मिटले. एक खोटे बोलून झाले होते. दुसरे बोलायची सोय राहिली नव्हती.

"रोज चार लिटर. ठिबकने."

हसणे थांबले. यानंतरची शांतता तोतारामांनी घड्याळात मोजली नाही. ती त्यांच्या आयुष्यातली न मोजलेली बहुधा एकमेव गोष्ट होती.

"झोपेल माणूसना तोंडमा पानी वतस का रे तू?" नवल हळूच म्हणाला. "पान नही, त्याले तहान कशी लागी? बंद कर. आते, फोन ठेवाना पहिले बंद कर."

तोताराम एकाहत्तराव्या वर्षी बावीस पायऱ्या धावत चढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, ऊन तापण्याआधी, लताबाईंनी फोन धरला आणि नवल नाशिकहून पडद्यात बघत बसला. तोतारामांनी कुंडीखाली हात घालून झाड मातीसकट बाहेर काढले. गटारासारखा वास आला. तळाची मुळे काळी पडली होती. चिमटीत धरली की साल मोज्यासारखी निघून येई.

"फोन जवळ न्या, वहिनी. अजून. हां." नवलने बराच वेळ पाहिले. "काळं तितकं काप. पांढरं लागेपर्यंत काप. दया करू नको."

कात्री उकळत्या पाण्यात धुतलेली होती. तोतारामांनी कापायला सुरुवात केली. प्रत्येक काप घेताना ते थांबत आणि पडद्याकडे पाहत.

"माझ्याकडे काय पाहतो? मुळाकडे पाहा."

"अर्ध्याहून जास्त जातंय, नवल."

"माझं बी छातीचं हाड अर्धं कापलं. काप."

लताबाईंचा हात दुखू लागला होता, पण त्यांनी तो खाली घेतला नाही. शेवटी मूठभर पांढरी मुळे राहिली. ती विटांच्या बारीक खड्यांत आणि थोड्या कोरड्या मातीत बसवली, झाड हलू नये म्हणून सुतळीने कुंडीला बांधले. खालच्या तीन फांद्या आतून तपकिरी निघाल्या. नवलने त्याही कापायला लावल्या. सातातल्या चार उरल्या.

"आता पानी कवय?" पाणी कधी द्यायचे, याची नवलने परीक्षा घेतली.

"मातीला विचारून."

"कसं इचारशी?"

तोतारामांनी ओळखले, की हे आपण महिन्यापूर्वीच विचारायला हवे होते. "तू सांग."

"बोट घाल. दुसऱ्या पेरापर्यंत. बोट कोरडं निघालं तर वाटीभर. नाही तर काही नाही. बोट म्हणजे बोट, मीटर नाही."

पाडवा आला. तोतारामांनी गुढी उभारली आणि गुढीआधी झाड पाहिले. शून्य. एप्रिल लागला. संध्याकाळी सहाला फोन येई, तोताराम 'शून्य' म्हणत, नवल 'बरं' म्हणे आणि आता तो 'बरं' ऐसपैस असे. नवल झोपू लागला होता. जागे होते ते तोताराम. त्यांना माहीत होते, की या शून्याचे दोन अर्थ असू शकतात, आणि कुठला खरा हे साल खरवडूनही कळणार नाही. खरवडायचे तर त्यांनी आता सोडलेच होते. हात मागे बांधून ते कुंडीसमोर उभे राहत. तीन-तीन दिवस पाणी न देता पाहत राहणे, हे त्यांनी केलेल्या कोणत्याही कामापेक्षा अवघड होते.

"अहो, बसा जरा खाली," लताबाई म्हणत. "तुमच्या नजरेनंच उमलायचं थांबलं असेल ते."

टेकाडावरच्या तिन्ही झाडांना १० एप्रिलला तांबूस पालवी फुटली. तोताराम पाहून आले आणि घरी येऊन थेट गच्चीवर गेले. १४ तारखेला शून्य. १७ ला शून्य. १९ ला सकाळी सर्वांत वरच्या फांदीच्या टोकाला एक ठिपका दिसला, मोहरीएवढा. त्यांनी चष्मा पुसला. ठिपका तिथेच होता. त्यांनी खिशातून वही काढली, पण आकडा लिहिला नाही. ठिपक्याला पान म्हणता येत नाही.

३० एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. दिपमाला माहेरपणाला धुळ्याला निघाली ती वडिलांना घेऊन आधी पहाटेच्या गाडीने जळगावला आली. नवल वाळला होता, सदऱ्याच्या गळ्यातून जखमेचा वण दिसत होता. लताबाईंनी चहा पुढे केला. तो त्याने हातातच धरला आणि एकेक पायरीवर थांबत बावीस पायऱ्या चढला. मागे तोताराम, त्याच्या पाठीला हात न लावता पण हात तयार ठेवून.

नवल झाडासमोर खुर्चीत बसला. कापलेल्या तीन फांद्यांच्या जागांवर त्याने अंगठा फिरवला. मग हात पुढे केला.

"वही."

तोतारामांनी दिली. नवलने पाने उलटली, दोन रकाने शेजारी शेजारी पाहिले आणि उजवीकडच्यावर बोट ठेवले.

"खोटं बी पट्टी लाईसन बोलस तू. एकशे ऐंशी, एकशे एकोणऐंशी, एकशे अठ्ठ्याहत्तर. असं सरळ झाड कोठे र्‍हास का?"

"माझी चूक झाली," तोताराम म्हणाले. "तीन फांद्या माझ्यामुळे गेल्या."

"गयात," नवल म्हणाला. त्याने ते नाकारले नाही आणि पुन्हा उच्चारलेही नाही. "आज किती?"

"तू मोज."

नवलने चहा खाली ठेवला, पुढे वाकला आणि पेन्सिलीच्या टोकाने एकेक पान शिवत मोजू लागला. तोतारामांची सकाळची मोजणी एक्केचाळीस होती. दोन ठिकाणी नवल थांबला, निरखून पाहिले, मान हलवली आणि ती धरली नाहीत. ती अजून मिटलेली होती. मोजून झाल्यावर त्याने उजवा रकाना तिरप्या रेघेने खोडला आणि डावीकडे, आपल्या अक्षरात लिहिले.

३० एप्रिल, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. फांद्या चार. पाने एकोणचाळीस.